एका अंथरुणाचे दोघे

माझी नर्सिंगची परीक्षा होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा एका धर्मादाय संस्थेनं मला घरभेटीच्या कामावर घेतलं. इस्पितळातून घरी सोडलेल्या पण बऱ्या न झालेल्या माणसांकडे जायचं, जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या आणि मधल्या दिवसांत काय करायचं ते घरच्यांना शिकवायचं, असं ते काम. माझ्या वाट्याला लालबाग-परळ आलं. मी गिरगावातली. लालबाग मी तोवर ट्रामच्या खिडकीतून पाहिलं होतं, तेवढंच.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा नुकत्या सुरू झाल्या होत्या, त्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्याकडे एक नवा कागद आला. विणकर, वय चौतीस, कण्याला मार, कमरेखाली जाणीव नाही, पाठीला शय्याव्रण. शय्याव्रण म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं कातडी मरते आणि आत भोक पडतं, ते. कागद हातात देताना आमच्या मेट्रन म्हणाल्या, "स्वच्छ ठेवा. घरच्यांना फार आशा मात्र देऊ नका. अशी माणसं सहा महिने काढतात."

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. सकाळचे दहा वाजले होते. दार उघडंच होतं, आणि आत बाईमाणूस कुणीच नव्हतं. एका गावच्या गिरणी कामगारांनी मिळून भाड्यानं घेतलेली ती खोली. भाड्याच्या वहीत नावं सतरा जणांची. रात्रपाळी करून आलेले सात-आठ जण भिंतीला लागून ओळीनं झोपले होते. खिडकीखालच्या जागेत माझा रोगी पालथा पडला होता, आणि त्याच्या उशाशी एक काळासावळा, बारीक चणीचा माणूस मांडी घालून बसला होता. त्याचे डोळे तांबारलेले होते.

"यांच्या घरचं कोण आहे?" मी विचारलं.

"मी आसंय."

"नातं काय तुमचं?"

तो घोटाळला. मग म्हणाला, "एका हातरुणाचे आमी दोघे."

मला काही कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. खोलीत सतरा अंथरुणं मावत नाहीत, म्हणून दोघांत एक. माझा रोगी दिवसपाळीला, हा रात्रपाळीला. सकाळी एक उठून गिरणीत जायचा, तेव्हा दुसरा गिरणीतून येऊन त्याच वाकळेवर पडायचा. अकरा वर्षं असं चाललं होतं. गिरणी बंद असेल तो दिवस आणि गणपतीत गावी जाणं सोडलं, तर दोघं एका वेळी जागे असे फारसे भेटलेच नव्हते. "तेचो आवाज माका धड ठावक नव्हतो," तो म्हणाला. "हातरूण ऊन लागायचा, म्हणान समजायचा की हो माणूस आसा."

मे महिन्यात विणकर घर शाकारायला देवगडकडच्या आपल्या गावी गेला होता. पावसाआधी कौलं उतरवून परत लावताना वासा मोडला आणि तो खाली दगडी जोत्यावर पडला. गाववाल्यांनी डोलीतून बंदरावर नेलं, तिथून बोटीनं मुंबईला. बायको दोन लहान मुलांना सासूजवळ ठेवून बरोबर आली होती. लावणीची वेळ झाली तशी तिला परत जावं लागलं. तीन महिने तो इस्पितळात होता. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता आमच्याकडून होण्यासारखं नाही, गावी न्या. गावाहून जवळचा डॉक्टर दिवसभराच्या वाटेवर. इस्पितळाच्या दारात खोलीतली वडीलधारी मंडळी काय करावं म्हणून उभी होती, तेव्हा हा बारीक चणीचा माणूस म्हणाला, "हो हयसरच ऱ्हवतलो, आमच्या खोलयेत." आणि पुढं होऊन त्यानं त्याला पाठीवर घेतलं.

मी पट्टी सोडली. माकडहाडावरची जखम माझ्या तळहाताएवढी होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होतं. वास असा होता की झोपलेल्यांतला एक जण कूस बदलून भिंतीकडे वळला. मी जखम धुतली, औषधात भिजवलेली जाळीची पट्टी भरली आणि मग शिकवायला बसले. दर दोन तासांनी कूस बदलायची, डावी, पालथी, उजवी. ओढायचं नाही, उचलायचं. चादरीला सुरकुती नको. नळी उकळून घ्यायची. मी एका कागदावर तासांचा तक्ता काढून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कॅलेंडरच्या खिळ्याला लावला. खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत घड्याळ नाही.

दोन दिवसांनी गेले ते मनाची तयारी करूनच. तर तो म्हणाला, "बाई, कागद बरो आसा, पण घड्याळ नाय, म्हणान आमी तो भोंग्यार बसयलाव." त्यांनी माझा तक्ता रस्त्यावरच्या रोजच्या आवाजांवर बसवला होता. पहिला भोंगा झाला की डावी कूस. नळाचं पाणी गेलं की पालथा. खानावळीचे डबे आले की उजवी. समोरच्या शाळेची मधली सुट्टी, दुपारचा भोंगा, दिवाबत्ती. पाळीवरून येणारा आणि पाळीवर जाणारा प्रत्येक जण जिना चढता-उतरताना आपली एक कूस करून जायचा. खोलीतल्या सतरांपैकी प्रत्येकाला आपली कूस पाठ होती. उशा नव्हत्या म्हणून गिरणीतून स्वस्तात मिळणाऱ्या कापडाच्या तुकड्यांच्या लोडांत त्यांनी कापूस भरला होता: गुडघ्यांमध्ये एक, घोट्यांखाली एक, पाठीला एक. नळी उकळायच्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता, म्हणजे चुकून कुणी त्यात चहा करू नये.

दिवसभराचा भार मात्र त्या अंथरुणाच्या जोडीदारावरच होता. रात्रपाळी करून यायचा, विणकराला पुसायचा, पेज भरवायचा, मग दोन कुशींच्या मध्ये तिथंच जमिनीवर आडवा व्हायचा. वाकळ आता त्याला मिळत नव्हती. त्याला दिवसपाळी देऊ केली होती आणि त्यानं ती नाकारली, हे मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच माणसाकडून कळलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिवसाक खोलीत कोण ऱ्हवतलो, बाई?"

नोव्हेंबरातली एक गोष्ट. मी जखम भरत होते आणि तो विणकराच्या उजव्या खुब्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बसला होता. म्हणाला, "हयसर उद्या लाल जाताला." मी पाहिलं. कातडी चांगली होती, रंगात काही फरक नव्हता. मी बोटानं दाबलं, सोडलं; डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा जाणवलं की दाबलेली जागा परत भरायला किंचित उशीर होतोय. इस्पितळात तीन वर्षं शिकून मला जे डोळ्यांनी मुश्किलीनं दिसलं, ते त्याच्या हाताला आधीच लागलं होतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्याला यात सांगण्यासारखं काही वाटेना. "ऊन लागता," तो म्हणाला. "साच्यावर कापडात धागो तुटलो तर बोटाक कळता, तसाच." त्या दिवशी उजवी कूस बंद ठेवली. तिथं लाल झालं नाही.

घरी जाताना ट्राममध्ये मी माझा हात दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवून बघत होते. मला काही लागलं नाही.

मग तो जानेवारी आला. मुंबई तोडणार, ही बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, ट्रामा बंद पडल्या. मी सहा दिवस गिरगावात घरात अडकले. आईला वाटायचं मी दंगलीच्या भीतीनं गप्प आहे. माझ्या डोळ्यांपुढं ती जखम होती. पट्ट्यांचा साठा तीन दिवसांचाच ठेवला होता.

सातव्या दिवशी काही तास मोकळीक मिळाली. मी गणवेश घातला, पिशवी घेतली आणि चालत निघाले. रस्त्यावर विटांचे तुकडे आणि जळके टायर पडले होते. दोनदा शिपायांनी अडवलं आणि गणवेश पाहून सोडलं. लालबागच्या त्या चाळीचा जिना चढताना मी पिशवीतल्या पट्ट्या पुन्हा मोजत होते.

दार बंद होतं. वाजवल्यावर उघडलं, आणि आत सतराच्या सतरा माणसं हजर. गिरण्या बंद, बाहेर जाता येत नाही. एकाचा खांदा लाठीनं सुजून काळानिळा पडला होता. जोडीदाराचे डोळे इतके सुजले होते की त्याला दिसत कसं असेल, असं मला वाटलं. रस्त्यावर अश्रुधूर सोडला तेव्हा धूर खिडकीतून आत आला होता. बाकीचे पळत मागच्या गॅलरीत गेले; विणकराला तेवढ्या घाईत हलवता येईना. "माजा तोंड भिजक्या धोतरान झाकल्यान," विणकर मला म्हणाला, "आणि सोताचा इसारलो."

मी पट्टी सोडायला बसले. पट्टी माझी नव्हती. मलमलीचे चौकोनी तुकडे, उकळलेले, खोलीतच दोरीवर वाळवलेले. औषध संपल्यावर मी कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं मीठपाणी त्यांनी वापरलं होतं. मी शेवटचा तुकडा उचलला आणि थांबले. हाड दिसत नव्हतं. जखमेचा तळ डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, ओलसर होता आणि कडेनं नव्या कातडीची पातळ, निळसर रेघ आत सरकत होती. सहा दिवसांत ती जखम माझ्या हाताखाली कधी सुधारली नव्हती इतकी सुधारली होती.

"काय झाला, बाई?" जोडीदारानं विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून तो घाबरला होता.

"भरतेय," मी म्हणाले.

खांदा सुजलेला तो माणूस उठून जखमेत डोकावला आणि परत जागेवर जाऊन बसला. मग एकानं सांगितलं, संचारबंदीत काही काम नव्हतं, म्हणून ते दर तासाला कूस बदलत होते. पत्ते खेळायचे, डाव संपला की कूस.

एप्रिलात जखम पूर्ण मिटली. मी मेट्रनना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. त्या स्वतः आल्या, उंच टाचांचे बूट दाराबाहेर काढून ठेवले, गुडघ्यांवर बसल्या आणि बराच वेळ त्या गुळगुळीत, चकचकीत कातडीकडे बघत राहिल्या. मग जोडीदाराला त्यांनी विचारलं, "उचलायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

मला वाटलं, आता माझं नाव येईल. तो म्हणाला, "वार्डातल्या आयाबायनी."

वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी ती आया, पन्नाशीची. इस्पितळात तीन महिने हा रोज रात्रपाळी संपवून विणकराच्या खाटेपाशी जाऊन बसायचा, तेव्हा तिनं याला हात कुठं घालायचा, गुडघा कुठं टेकायचा, श्वास कधी सोडायचा ते शिकवलं होतं. विणकराला घरी आणल्यावरही आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती वरळीहून चालत येई, त्याला उलटसुलट करून बघे आणि जाई. मला तिची गाठ पडली ती पुढच्या हिवाळ्यात. तिच्या चाळीतली सगळी घरं तेव्हा नुकतीच बौद्ध झाली होती. पांढरं स्वच्छ पातळ नेसून ती आली होती. काम झाल्यावर तिनं पाणी मागितलं. खोलीतला एक म्हातारा उठला आणि नेहमीच्या सवयीनं तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला लागला. ती हात मागं घेऊन उभी राहिली.

विणकर कुशीवरून बोलला. आवाज चढवला नाही त्यानं. "माजा गूमूत तिना काढला, ता चलला. मगे तांब्याक हात लागलो तर काय जाता?"

म्हातारा तसाच उभा राहिला. जोडीदारानं त्याच्या हातून तांब्या घेतला, भरला आणि तिच्या हातात दिला. ती प्यायली. तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "डाव्या टाचेकडं लक्ष ठेवा, तिथं कातडी कोरडी पडलीय." त्यानंतर ती आली की चहा व्हायचा आणि म्हातारा स्वतः तिच्यापुढं कप ठेवायचा. दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

त्याच हिवाळ्यात भात झोडून झाल्यावर विणकराची बायको बोटीनं आली. नवऱ्याला न्यायला आली होती. पुरुषांच्या खोलीत तिला राहता येईना म्हणून शेजारच्या बिऱ्हाडात उतरली. पहिल्या दिवशी ती दारातच बसून होती. नवरा मेलेला किंवा कुजलेला बघायला मिळेल, असं तिला गावात सगळ्यांनी सांगितलं होतं. दुपारचा भोंगा झाला. जोडीदार आणि नुकताच जागा झालेला एक जण उठले, एकानं खांद्याखाली हात घातला, दुसऱ्यानं कमरेखाली, आणि एका श्वासात त्यांनी त्याला डावीकडून उजवीकडे केलं. चादरीला सुरकुती पडली नाही. तिनं पदर तोंडाला लावला. मग उठून आत आली, जोडीदारासमोर बसली आणि म्हणाली, "भावोजी, माका शिकवा."

तो तिच्याकडे न बघता शिकवायचा, नजर सगळा वेळ विणकराच्या पाठीवर. महिनाभरात ती एकटी त्याला फिरवू लागली. पण गावी मात्र नेलं नाही. ती म्हणाली, थंय सतरा माणसां खय मेळतली? मग दरवर्षी तिचं ठरून गेलं. पेरणी ते मळणी गावी, आणि मळणी ते मिरग मुंबईला. ती असायची तेवढे महिने जोडीदार रात्री कामावर जायचा आणि दिवसा घोरत झोपायचा.

विणकर हळूहळू खोलीचा कारकून झाला. चौथी शिकलेला होता. पालथा पडून छातीखाली लोड घेऊन तो सगळ्यांची पत्रं लिहायचा, गावाहून आलेली वाचून दाखवायचा, भांडणं मिटवायचा. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले होते. चार जणांनी त्याला वाकळेसकट उचलून गॅलरीत आणलं. समोर गिरणीच्या दारावर दिव्यांच्या माळा होत्या, खाली लेझीम चालली होती. पाच वर्षांनी त्यानं तो रस्ता बघितला. बराच वेळ बघून तो म्हणाला, "थंयचा पिंपळाचा झाड तोडल्यानी वाटता."

आणखी दोन वर्षांनी मूत्रपिंडांचा ताप येऊन तो गेला. इस्पितळात दोनच दिवस होता. बायको पोचली होती. शेवटची अंघोळ घालताना तिथल्या सिस्टरनं त्याला कुशीवर केलं आणि पाठ बघून मला विचारलं, हा माणूस सात वर्षं कुठल्या इस्पितळात होता?

मेट्रननी सांगितलेल्या सहा महिन्यांची सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांत माझ्या भेटी आठवड्याला दोन, एकेक तासाच्या. बाकीचे तास कुणी भरले, त्याची नोंद आमच्या रजिस्टरात कुठंच नाही. तिथं माझी सही आहे.

पुढच्याच वर्षी माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. मी घरातली शिकलेली नर्स, पण वडिलांना उचलायची वेळ आली की मी नुसती चादरच नीट करत बसायचे, आणि माझे दोघे भाऊ दारात उभे राहून "काय आणू?" विचारायचे. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात येऊन-जाऊन माणसं पुष्कळ होती. सगळी खुर्चीवर बसायची. मी लालबागला कुणाजवळ तरी बोलले असेन. रविवारी सकाळी दार वाजलं, तर तो जोडीदार उभा होता, परीटघडीचं धोतर, हातात दोन नारळ. त्याला आमचा पत्ता कुणी दिला ते मी विचारलं नाही.

आईनं त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. सरळ वडिलांच्या खाटेपाशी गेला, त्यांना हात जोडले आणि म्हणाला, "काका, वाईच हात लावतंय." मग दारात उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या भावाला त्यानं बोलावलं. भाऊ एका कचेरीत मोठा हुद्देदार होता. "घड्याळ काढा," जोडीदार त्याला म्हणाला. "अंगठी पण. आता गुडघो हयसर टेका." भावानं अंगठी काढून आईच्या हातात दिली आणि जन्मात पहिल्यांदा वडिलांच्या खांद्याखाली हात घातला. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

तो सात रविवार आला. धाकट्या भावालाही त्यानं तयार केलं. आठव्या रविवारी वडील काठी टेकत, दोन्ही भावांच्या मधून गॅलरीपर्यंत चालत गेले, तेव्हा आम्ही सगळे जिन्याकडे कान लावून बसलो होतो. तो आला नाही. खोलीत एक नवा पोरगा गावाहून आला होता, त्याला विषमज्वर झाला होता, असं मला नंतर लालबागला गेल्यावर कळलं.